आतून की बाहेरून?

पाणी घरात येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी माणसं कोकणात पैशाला पासरी मिळतात. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकायचा असल्यामुळे घाईघाईने, तिरका, वाऱ्याच्या मर्जीने पडतो. आगोट जवळ आली की घरोघर कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, पडवीला झडपी बांधायच्या; ज्यांच्या गच्च्या आहेत त्यांनी डांबर आणि ताडपत्री आणायची. एवढं करून पाऊस लागला की रात्री अंथरुणात उठून बसायचं आणि नेमकं कुठे ठिबकतंय ते कान देऊन ऐकायचं. अशा मुलखात, पाणी आहे तिथून बाहेर जाऊ नये म्हणून रात्री जागणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. तो माझा मामेभाऊ, दादा.

दादा बँकेतून निवृत्त झाला. निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं निरोपाच्या भाषणांत सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कुणी नंतर घरी येऊन बघत नाही. दादाला मासे पाळायचे होते. तेही बरणीएवढ्या टँकमध्ये नव्हेत, तर सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा टँकमध्ये. एवढ्या मोठ्या काचेच्या टँकची किंमत विचारून आल्यावर त्याने दोन दिवस मौन पाळलं आणि मग जाहीर केलं की टँक घरी करायचा, आणि तो प्लायवूडचा.

‘‘लाकडाचा?’’ वहिनीने विचारलं.

‘‘समोर काच. बाकी तीन बाजूंनी मासे बघणार आहे कोण? मागे भिंत आहे.’’

यात तथ्य होतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलं, आणि आमच्या पिढीतल्या कोकणातल्या मुलांची मुंबई राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि हे मत्स्यालय एवढ्यातच संपायची. तिथे आपल्याला दिसायची ती भिंतीतली एक काच. बाकीच्या बाजू कशाच्या आहेत हे आपण विचारत नव्हतो आणि माशांनाही त्याचं काही वाटत नसावं. ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं पुस्तक आलं, आणि इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांतून दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवायची साथच पसरली. त्या काळच्या कितीतरी टाक्यांना काच पुढेच असायची. तळ आणि बाजू स्लेटच्या दगडाच्या. दादा दगडाऐवजी लाकूड घेणार होता, एवढाच फरक.

मामींना गॉस पटला नाही. मामी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांचं म्हणणं नेहमी थोडक्यात असतं.

‘‘दारात विहीर आहे. विहिरीत मासे आहेत. त्यांना बघायला कुणी जात नाही.’’

‘‘आई, विहिरीतले मासे वरून दिसतात. मला समोरून बघायचेत.’’

‘‘आपणही देवाला वरूनच दिसतो. त्याची कधी तक्रार नाही.’’

तरी प्लाय आला. मरीन प्लाय, १९ एमएम, आठ बाय चारचे दोन बोर्ड, प्रत्येकावर आयएस ७१० चा शिक्का. हा शिक्का मिळवायचा तर प्लायचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि त्याचे पदर सुटत नाहीत ना, ते बघतात. दादाने हे अभिमानाने सांगितलं तेव्हा मामी म्हणाल्या, ‘‘बहात्तर तास? आमचे कुळीथसुद्धा इतका वेळ घेत नाहीत.’’ यातली मेख अशी की ती परीक्षा मुख्यतः दोन पदरांमधल्या गोंदाची असते. लाकूड ते लाकूडच. ते पाणी पितं आणि फुगतं. प्लायमध्ये एका पदराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात आणि फुगणं आवाक्यात राहतं. पण कापलेल्या कडा मात्र उघड्या तोंडाच्या नळ्यांसारख्या पाणी ओढतात. बोर्डाच्या मधोमध ओरखडा गेला तर एकवेळ चालेल, कडेचा एक कोपरा रंगवायचा राहिला तर टँक संपला. माणसाची अब्रूही बहुधा कडेनेच भिजत जाते, पण ते असो.

सुतारमेस्त्रींनी पेटी उत्तम केली. सांधे नुसते खिळ्यांवर न सोडता गोंद लावून स्क्रूने आवळले, वरच्या तोंडाला मधोमध आडवी पट्टी दिली. काम संपल्यावर लांब उभं राहून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, ‘‘दिवाण झकास झालाय. झाकण कधी करायचं?’’ समोरच्या बाजूला काचेसाठी चौकट कापली होती ती त्यांना कपडे हवेशीर राहावेत म्हणून ठेवलेली जागा वाटली होती.

त्या आडव्या पट्टीमागे एक हिशेब होता आणि दादा तो बँकेतल्या सगळ्या हिशेबांपेक्षा जास्त रस घेऊन समजावून सांगतो. टँकमध्ये सहाशे ऐंशी लिटर पाणी मावणार, म्हणजे सहाशे ऐंशी किलो वजन. ते जमिनीवर जाईल. घर चिऱ्याचं, तळमजला, खाली कातळ, चिंता नाही. (पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा छंद करणाऱ्यांनी खालच्या शेजाऱ्यांशी संबंध आधीच चांगले ठेवावेत. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने भार धरतात, आणि हा टँक त्याच्या तिप्पट भरतो.) गंमत आहे ती समोरच्या काचेची. तिच्यावर पाण्याचा रेटा किती? पूर्ण भरला तर तीनशे चाळीस किलोच्या आसपास. आणि हा रेटा टँक किती रुंद आहे यावर मुळीच ठरत नाही. काचेमागे दोन फूट पाणी असो, वीतभर असो, नाहीतर अख्खा अरबी समुद्र असो, खोली दोन फूटच असेल तर रेटा तोच. सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने हे १५८६ मध्येच मांडून ठेवलंय, तरीही पटत नाही. समुद्राला अडवायला दादाच्या टँकची काच पुरते, हे ऐकून वहिनी त्या काचेसमोर खुर्ची टाकून बसेनाशी झाली.

या हिशेबात आणखी एक खोच आहे. लांबी दुप्पट केली तर काचेवरचा रेटा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर चौपट. म्हणून दादाने लांबीचा लोभ धरला आणि उंची दोन फुटांवर सोडली. भरलेल्या टँकची लांब बाजू मधोमध पोट काढते. ते काढू नये म्हणून ती वरची पट्टी.

आता राहिलं वॉटरप्रूफिंग. रंगाच्या दुकानात गच्चीचे, बाथरूमचे, तळघराचे नाना तऱ्हेचे डबे मिळाले. पण ज्या डब्याचं काम बुरशी मारण्याचंही आहे तो माशांच्या घरात चालत नाही, आणि दुकानदाराला मासे म्हटलं की बाजार आठवायचा. शेवटी दादा मिरकरवाडा बंदरावर गेला. तिथे लाकडी होड्यांना बाहेरून फायबर चढवणारे कारागीर आहेत. त्यातले एक वयस्क चाचा पिशवीत ब्रश आणि रोलर घालून आले. मी नेमका तेव्हा तिथे होतो, म्हणून पुढचं संभाषण मला शब्दशः ऐकता आलं.

‘‘होडी कुठाय?’’

‘‘होडी नाही चाचा, हा खोका आहे.’’

चाचांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. ‘‘बरं. बाहेरून तीन हात मारू.’’

‘‘बाहेरून नको. आतून.’’

‘‘आतून?’’

‘‘पाणी आत असणार आहे.’’

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे होडी बुडालेली आहे. तसं सांगा ना!’’

यानंतर चाचांना काही समजवावं लागलं नाही. उलट त्यांनीच दादाला एक गोष्ट समजावली, जी मला कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा चोख वाटली. होडीला फायबर बाहेरून, पाणी बाहेरून; पाणी फायबरला लाकडावर दाबतं. टाकीला फायबर आतून, पाणी आतून. पाणी फायबरला लाकडावरच दाबतं. ‘‘ज्या अंगाला पाणी, त्या अंगाला फायबर. उलटं केलं की पाणी त्याला सोलून काढतं.’’ काचही म्हणूनच चौकटीच्या आतल्या बाजूने बसवायची. मग पाणी जितकं रेटेल तितकी ती घट्ट बसते. शत्रूलाच पहाऱ्यावर बसवण्याची ही युक्ती शिवकालात कुणाला सुचली होती का, ते इतिहासकारांनी सांगावं.

लाकूड आणि पाणी यांचं जुळवून देण्यात आपला किनारा काही कच्चा नव्हता. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं ‘ट्रिंकोमाली’ हे इंग्रजी आरमाराचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांहून जास्त. दादाची अपेक्षा दहा वर्षांची होती.

पुढे चाचा आणि दादा यांच्यात मतभेद झाला तो रेझिनवरून. चाचांचा हात पॉलिस्टरवर बसलेला. स्वस्त, लवकर सुकतं, बंदरावर सगळे तेच वापरतात. दादाला एपॉक्सी हवं होतं, कारण ते लाकडाला जास्त घट्ट धरतं आणि नीट सुकल्यावर माशांना निरुपद्रवी असतं. एपॉक्सीची किंमत ऐकून चाचा म्हणाले, ‘‘एवढ्यात मासे बाजारातून रोज आणून खाल्ले असतेत.’’ पण पैसे दादाचे होते. आधी आतल्या सगळ्या कोपऱ्यांत रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून लुकण भरली, कारण फायबरची मॅट काटकोनात वळत नाही. तिच्यामागे पोकळी राहते आणि पाणी ती पोकळी बरोबर शोधतं. मग रेझिनचा हात, त्यावर मॅट, वरून पुन्हा रेझिन, आणि रोलरने बुडबुडे हुसकून लावायचं काम.

चाचा दर वेळी वाटीभरच मिश्रण करायचे. दादाला हा वेळेचा अपव्यय वाटला आणि त्याने प्लॅस्टिकच्या मगात एकदम मोठं माप कालवलं. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. पातळ थरात ती उडून जाते, मगात कोंडते, आणि कोंडली की प्रक्रिया आणखी वेगाने होते. मग आधी कोमट झाला, मग धरवेना, मग त्यातून धूर येऊ लागला. चाचांनी तो शांतपणे अंगणात नेऊन ठेवला. मामींनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, ‘‘माशांची आंघोळीची सोयही करताय का?’’

काच बसवली सिलिकॉनने. सिलिकॉनची नळीही साधी, बुरशीनाशक नसलेली हवी. ते सुकताना व्हिनेगरचा वास सुटतो, त्यामुळे चार दिवस त्या चिरेबंदी माजघरात चायनीजच्या गाडीवर बसल्यासारखं वाटत होतं. सिलिकॉनचा स्वभाव मला आवडला. ओलं असताना ते काचेला असं धरतं की सुरीशिवाय सुटत नाही; एकदा सुकलं की मग त्याला कुणी धड चिकटत नाही, अगदी दुसरं ताजं सिलिकॉनसुद्धा. म्हणून काम एका बैठकीत पुरं करायचं. आमच्याकडच्या काही थोरल्या काकांची मतं अशी होती.

या सगळ्यात वैशाख सरला. दादाने प्रत्येक थराला सुकायला पुरते दिवस दिले, त्यामुळे टँकमध्ये प्रथम पाणी भरलं तेव्हा बाहेर मृगाच्या सरी सुरू झाल्या होत्या. खाली वर्तमानपत्रं पसरली होती. एक थेंब पडला तरी शाई फुटून दिसावी म्हणून. पंप विहिरीला लावला, पाणी टप्प्याटप्प्याने चढवलं, दर टप्प्याला दादा बॅटरी घेऊन सांधे तपासत होता. पाणी काठाशी आलं. काही झालं नाही. सगळे जेवायला बसलो.

जेवून येतो तर काचेची बाहेरची बाजू ओली. ओली म्हणजे चक्क थेंब ओघळत होते, आणि खालच्या वर्तमानपत्रात एका पुढाऱ्याचा चेहरा विरघळायला लागला होता. दादा मटकन खाली बसला. त्याने टिपलं, पाच मिनिटांत पुन्हा ओलं. गळती एका जागी असती तर शोधता आली असती. ही सगळीकडून होती. काच झिरपते की काय, असाही एक विचार कुणीतरी मांडला. अखेर मामी काठी टेकत आल्या, त्यांनी काचेला हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘गार आहे. विहिरीचं गार पाणी तांब्यात घेतलंत की तांब्याही असाच भिजतो. तो काय गळतो?’’ दमट हवेतली वाफ गार काचेवर धरत होती. दादाला खात्री हवी होती, म्हणून त्याने पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या फडक्याने टिपले. फडकं पांढरंच राहिलं. पाणी सकाळपर्यंत कोमट झालं तेव्हा घाम थांबला.

पण संशय एकदा घरात शिरला की सहज जात नाही. पाण्याची पातळी पेन्सिलने खूण करून बघायची तर थोडी उतरतेच, वाफ होते म्हणून. वाफेमुळे किती आणि गळतीमुळे किती, हे कसं ठरवणार? एवढ्या टँकची पातळी एक मिलिमीटर उतरली की लिटरभर पाणी गेलं. त्यावर एक सुरेख उपाय आहे आणि तो दादाने केला. टँकशेजारी एक बादली पाणी भरून ठेवायची, तिलाही खूण करायची. दोन्हींतली पातळी सारखी उतरली तर वाफ; टँकमधली जास्त उतरली तर गळती. विज्ञानाच्या पुस्तकात छापावा असा प्रयोग. दादा सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे मांडू लागला.

तिसऱ्या दिवशी आकडे बिघडले. टँक दोन मिलिमीटर उतरला होता. बादली उतरली तर नव्हतीच, उलट चढली होती. दादाने पुन्हा मोजलं. बादली आणखी चढली. बादलीच्या तुलनेत टँकमधलं पाणी पळत सुटलं होतं. दादा वही घेऊन टँकखाली आडवा झाला, वहिनीने फडकी आणली, मी बॅटरी धरली. वर्तमानपत्रं कोरडी. मामी पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातही न थांबवता हनुवटीनेच वर खूण केली.

बादलीच्या बरोब्बर वरचं कौल फुटलं होतं.

त्या वर्षी उन्हाळाभर सगळं घर टँकच्या पाठी लागलं होतं. कौलं परतायची राहून गेली होती. सहाशे ऐंशी लिटर पाणी एक थेंबही न सांडता आत उभं होतं आणि बाहेरचं पाणी ठिबकत ठिबकत वैज्ञानिक प्रयोगात शिरलं होतं. मामी एवढंच म्हणाल्या, ‘‘चाचांना वर चढवा. त्यांना विचारा, हे बाहेरून करायचं की आतून.’’

गळतीचा आपल्याकडे एकेकाळी मान होता, हे अशा वेळी आठवतं. लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक पाडलेली वाटी सोडायचे. ती चोवीस मिनिटांत भरून बुडायची, की एक घटिका झाली. बेताची गळणारी वाटी मांडवात पुजली जायची. दादाच्या टँकच्या नशिबी तसलं काही नव्हतं. तो गळतच नव्हता, आणि न गळणाऱ्या वस्तूचं कौतुक कुणी करत नाही.

हे मला पुढे पाहुणे येऊ लागल्यावर पटलं. जो येतो तो आधी खाली वाकून टँकच्या तळाशी बघतो. मग कोपऱ्यांवर बोट फिरवतो. ‘‘अजून तरी कोरडं आहे’’ असं जरासं नाराजीनेच म्हणतो. शेवटी, उठता उठता, आत काय आहे ते बघतो.

आत बरेच दिवस काहीच नव्हतं. नीळ घातलेलं पाणी काढून टाकलं, टँक धुऊन पुन्हा भरला, फिल्टर सुरू केला, तरी मासे सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. शेजारची मुलं रोज विचारायची, ‘‘काका, मासे कुठायत?’’ दादा सांगायचा, ‘‘आधी जिवाणू येतायत.’’ मुलं काचेला नाक लावून जिवाणूंची वाट बघायची.

आणि मग मासे आले. मोठ्या, रंगीत, महाग माशांची यादी तयार होती. पण नव्या टँकची परीक्षा आधी काटक माशांवर करावी असं ठरलं. म्हणून वहिनीने मच्छरदाणीच्या तुकड्याने विहिरीतलेच गप्पी काढून आणले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं जे विहिरी-टाक्यांत सोडतं, तेच; फुकट. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि महिन्यागणिक देतात. दिवाळीपर्यंत सहा फुटांचा टँक गप्पींनी इतका भरला की महागड्या माशांची यादी मागे पडली ती पडलीच. समोरून बघितल्यावर गप्पीच्या नराची शेपटी खरोखर सुंदर असते. हे मामींनीही कबूल केलं आहे. त्यांची खुर्ची आता टँकसमोर असते.

तुम्हाला असला टँक करायचा असेल, तर मी आता बराच जाणकार झालो आहे, म्हणून सांगतो. काम होळी झाली की सुरू करा, म्हणजे दमट हवेच्या आधी रेझिन सुकेल. उंची दोन फुटांच्या वर नेऊ नका. कापलेल्या कडांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त रेझिन पाजा. मिश्रण वाटीभरच करा. पैसे वाचतील या आशेने करू नका, वाचत नाहीत. आणि पाणी भरण्याआधी शिडी लावून घरावरची कौलं एकदा बघून घ्या.